कच खाल्ली, असे कोणी म्हणावे?

टेनिसशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांनाही जी दोन-चार छायाचित्रे ओळखीची असतात, त्यांतले एक ३ जुलै १९९३ चे आहे. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर महिला एकेरीचा अंतिम सामना नुकताच संपलेला आहे, बक्षीस समारंभ चालू आहे आणि पराभूत खेळाडू याना नोवोत्ना ही डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर डोके टेकून हमसाहमशी रडते आहे. राजघराण्यातल्या व्यक्तीने हस्तांदोलन करावे, दोन शब्द बोलावेत आणि तबक हाती द्यावे, एवढाच तिथला रिवाज. त्या दिवशी डचेसबाईंनी रिवाज बाजूला ठेवला आणि एखादी मावशी भाचीला जवळ घेईल तसे त्या पोरीला जवळ घेतले. नोवोत्ना २०१७ मध्ये गेली, अवघ्या ४९ व्या वर्षी, कर्करोगाने. डचेस ऑफ केंट २०२५ मध्ये गेल्या, ९२ वर्षांच्या होऊन. दोन्ही वेळी वर्तमानपत्रांना आधी आठवले ते हेच छायाचित्र.

छायाचित्राबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्याबरोबर चिकटलेल्या शब्दाबद्दल. इंग्रजी पत्रकारांनी त्या दिवसापासून नोवोत्नाला 'चोकर' म्हटले. म्हणजे ऐन वेळी जिचा घसा आवळतो ती. आपल्याकडे हा शब्द पुढे दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघामुळे घरोघरी पोहोचला. मराठीत त्याचे भाषांतर करण्याची गरजच नव्हती. 'कच खाल्ली' हा आपला जुना, ठसकेबाज वाक्प्रचार तयारच होता. तो ज्याच्यावर एकदा बसला, त्याच्या अंगावरून सहसा निघत नाही. म्हणून हा शब्द नोवोत्नाला लागू पडतो की नाही, हे जरा तपासून पाहावे असे मला वाटते. बँकेत तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेल्यामुळे ती खोड अजून सुटलेली नाही.

आधी त्या दिवशी घडले काय ते पाहू. नोवोत्ना तेव्हा २४ वर्षांची होती. उपांत्यपूर्व फेरीत तिने गॅब्रिएला सबातिनीला आणि उपांत्य फेरीत मार्टिना नवरातिलोवाला सरळ सेटमध्ये हरवले होते. समोर होती स्टेफी ग्राफ, त्याआधीची दोन वर्षे विजेती असलेली. पहिला सेट ग्राफने टायब्रेकरवर ८-६ असा कसाबसा घेतला. दुसरा नोवोत्नाने ६-१ असा जिंकला. ग्राफला हिरवळीवर असे कोणी फरफटत नेलेले लोकांनी क्वचितच पाहिले होते. तिसऱ्या सेटमध्ये नोवोत्ना ४-१ ने पुढे, सर्व्हिस तिचीच, आणि गुण ४०-३०. एक गुण मिळाला की ५-१. मग उरणार एकच गेम.

तिथे तिची पहिली सर्व्हिस चुकली आणि दुसरीही चुकली. हा डबल फॉल्ट. मग नेटपाशी सोपे वाटणारे फटके चुकले, तो गेम गेला. ४-३ वर तिने पुन्हा सर्व्हिस केली, त्या एका गेममध्ये तीन डबल फॉल्ट. ग्राफने ओळीने पाच गेम घेतले आणि सेट ६-४ ने संपवला. बस, एवढीच हकीकत. घड्याळाने मोजली तर फार लांबलचकही नाही.

आता टेनिसमधल्या सर्व्हिसबद्दल थोडे सांगायला हवे. कारण मेख तिथेच आहे. टेनिसमधला बाकीचा प्रत्येक फटका हा उत्तर असतो. चेंडू येतो, पाय धावतात, हात फिरतो. विचार करायला फुरसत नसते. सर्व्हिस हा एकच फटका असा, की चेंडू आपल्याच हातात असतो. आपणच तो वर फेकायचा, आपणच मारायचा. प्रतिस्पर्धी समोर नुसता उभा. फुरसतच फुरसत. आणि ज्याला फुरसत असते त्याच्याच मनात नको ते येते. शिवाय ही सर्व्हिस दुसरी असेल, तर चुकल्यास गुण हातचा जाणार, हे माहीत असते. बहुतेक खेळाडू अशा वेळी जोर कमी करतात, चेंडू नुसता पलीकडे टाकतात आणि मागच्या रेषेवर थांबून पुढचे पुढे बघतात.

नोवोत्नाला तशी सोय नव्हती. तिचा खेळ सर्व्हिस करून चेंडूमागे नेटकडे धावण्याचा होता. सर्व्हिस, व्हॉली, बॅकहँडचा तो सरपटत जाणारा स्लाइस आणि पुन्हा नेट. अशा खेळाडूची दुसरी सर्व्हिस मऊ पडली, तर नेटकडे धावता धावताच तिच्या बाजूने चेंडू सणसणत निघून जातो. आणि समोर ग्राफचा फोरहँड असला, तर तो जातोच. म्हणजे दुसरी सर्व्हिससुद्धा खोल आणि जोरात मारणे हा तिच्या खेळाचा भागच होता. त्याच खेळाने तिला ४-१ पर्यंत आणले होते. ४०-३० वर तिने तेच करायचे ठरवले आणि चेंडू आत पडला नाही. तिचा हात थरथरला असेल. नाही कशाला म्हणू? पुढच्या तीन डबल फॉल्टना दुसरे कारण दिसत नाही. पण कच खाणे म्हणजे काय, तर माघार घेणे, पाऊल मागे टाकणे. तिचे पाऊल पुढेच पडत होते. चेंडू चुकत होता, माणूस मागे हटत नव्हता. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि आपण त्या सर्रास एक समजतो.

तिच्या रडण्याचेही तेच. बाई रडली म्हणजे खचली, हे गृहीतच धरलेले. आम्ही ऐंशीच्या दशकात बँकेत लागलो तेव्हा आम्हा मुलींना ज्येष्ठ बायकांनी पहिला सल्ला दिला होता तो कामाचा नव्हता. रडू आले तर आत जायचे, तोंड धुवायचे, मगच काउंटरवर यायचे. एकदा का साहेबांनी डोळे पुसताना पाहिले की तुमची बढती दोन वर्षे पुढे गेली म्हणून समजा. पुढे २००९ मध्ये मेलबर्नला नादालकडून हरल्यावर रॉजर फेडरर भर मैदानात रडला, तेव्हा त्यात सगळ्यांना मोठ्या मनाचा माणूस दिसला. ठीकच आहे. सोळा वर्षांत जग काही शिकले असेल.

शब्द माणसाला कसा चिकटतो याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. एका तालुक्याच्या गावी आमच्या शाखेत एक कॅशियरबाई होत्या. नोटा मोजताना त्यांची बोटे पाहत राहावीत अशी. एका महिनाअखेरीला संध्याकाळी रोकड जुळेना. पाच हजार कमी. त्या काळी ती दोन-अडीच महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम. रात्री नऊपर्यंत आम्ही सगळ्यांनी थप्प्या पुन्हा मोजल्या, व्हाउचरे पुन्हा चाळली. पैसे सापडले नाहीत. बाईंनी ते आपल्या पगारातून हप्त्याहप्त्याने भरले. त्यानंतर त्या अठरा वर्षे त्याच पिंजऱ्यात बसल्या आणि एका रुपयाचाही फरक कधी आला नाही. पण नवा माणूस शाखेत आला की कोणीतरी त्याच्या कानात सांगायचेच, 'त्या पाच हजारवाल्या'. अठरा वर्षांतले हजारो दिवस जुळले, त्यांची नोंद कोणाच्याच डोक्यात नव्हती. न जुळलेला एक दिवस सगळ्यांना पाठ.

नोवोत्नाचे न जुळलेले दिवस दोन होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९५ च्या फ्रेंच स्पर्धेत तिसऱ्या फेरीत ती चँडा रुबिनविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ५-०, ४०-० अशी पुढे होती आणि तो सेट ६-८ असा हरली. नऊ मॅच पॉइंट हातचे गेले. १९९३ चा पराभव लोक एक वेळ विसरले असते, या दुसऱ्या सामन्याने त्याच्यावर जणू शिक्का मारला. या सामन्याची वकिली मी करणार नाही. त्या दिवशी तिचे मन ठिकाणावर नव्हते, हे उघड आहे.

आता पासबुकाची बाकीची पाने उलटू. ब्रनो या चेकोस्लोव्हाकियातल्या शहरात १९६८ मध्ये जन्मलेल्या या मुलीने एकेरीची २४ आणि दुहेरीची ७६ अजिंक्यपदे मिळवली. चार मोठ्या स्पर्धांमध्ये महिला दुहेरीची १२ आणि मिश्र दुहेरीची ४. १९९० मध्ये हेलेना सुकोवाबरोबर ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन अशा तीन स्पर्धा ओळीने जिंकल्या. ऑलिंपिकमध्ये सोल आणि अटलांटा अशा दोन्ही ठिकाणी दुहेरीचे रौप्यपदक, आणि अटलांटात एकेरीचे कांस्यपदक. त्याच स्पर्धेत पुरुषांचे कांस्य आपल्या लिअँडर पेसने आणले होते, हे वाचकांना आठवत असेल. बक्षिसांची रक्कम एक कोटी दहा लाख डॉलरच्या वर. एवढ्या अजिंक्यपदांपर्यंत जाताना मॅच पॉइंटवर किती वेळा सर्व्हिस करावी लागली असेल याचा अंदाज करा. त्या सर्व्हिस कोणी मोजल्या नाहीत, कारण त्या आत पडल्या होत्या.

दुहेरी काय, ती कोण बघतो, असे म्हणणारे असतात. मला तर दुहेरीतच तिचा स्वभाव दिसतो. सुकोवा, गीगी फर्नांडिस, अरांता सांचेझ व्हिकारिओ, लिंडसे डेव्हनपोर्ट, मार्टिना हिंगीस, किती जोडीदारणींबरोबर तिने मोठ्या स्पर्धा जिंकल्या. आणि यांतल्या बहुतेकींशी तिला एकेरीत लढावे लागे. सकाळी जिच्या विरुद्ध, संध्याकाळी तिच्याच बाजूने. संसारात सून-सासूंना हे करावे लागते. पण त्यांच्या पाठीमागे पंधरा हजार प्रेक्षक नसतात.

तिची प्रशिक्षक होती हाना मांडलिकोवा. हिचीही गोष्ट मोठी विलक्षण आहे. चार मोठ्या स्पर्धा जिंकलेली ही बाई विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात मात्र दोनदा, १९८१ मध्ये ख्रिस एव्हर्टकडून आणि १९८६ मध्ये नवरातिलोवाकडून हरली होती. म्हणजे १९९३ च्या त्या संध्याकाळी नोवोत्नाला शिकवायला जी व्यक्ती होती, तिला सेंटर कोर्टवरून रिकाम्या हाताने परतणे म्हणजे काय हे पुस्तकातून वाचावे लागलेले नव्हते. त्या दोघींमध्ये त्या रात्री काय बोलणे झाले असेल, याचे कुतूहल मला कादंबरीकार म्हणून आहे. पण ते त्यांचे त्यांच्यापाशी.

काय बोलणे झाले ते माहीत नसले तरी पुढे काय झाले ते विम्बल्डनच्या नोंदींत आहे. १९९४, उपांत्यपूर्व फेरी, नवरातिलोवाकडून हार. १९९५, उपांत्य फेरी. ग्राफकडून तीन सेटमध्ये हार. १९९६, उपांत्यपूर्व फेरी, पुन्हा ग्राफ. १९९७, अंतिम सामना. समोर १६ वर्षांची हिंगीस. पहिला सेट नोवोत्नाने ६-२ असा घेतला आणि पुढचे दोन ३-६, ३-६ असे गमावले. पुन्हा तेच तबक, पुन्हा त्याच डचेस. तिसरी खेप तुझी, अशा अर्थाचे काहीतरी त्यांनी तिला त्या वेळी सांगितले म्हणतात. जिथे अब्रू गेली त्याच ठिकाणी, त्याच हिरवळीवर, दर जुलैला ही बाई हजर. आपण एखाद्या लग्नात अपमान झाला तर त्या घरच्या बारशालाही जात नाही!

१९९८ मध्ये उपांत्य फेरीत तिने हिंगीसला ६-४, ६-४ असे हरवले आणि ४ जुलैला अंतिम सामन्यात फ्रान्सच्या नताली तोझियाला ६-४, ७-६. शेवटचा टायब्रेकर ७-२. नोवोत्ना तेव्हा पावणेतीस वर्षांची होती. व्यावसायिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्यापासून इतक्या वयात एकेरीची पहिली मोठी स्पर्धा तोवर कोणी जिंकली नव्हती. मोठे तबक डचेसबाईंच्याच हातून मिळाले. आणि जिला दोन दिवसांपूर्वी हरवले त्या हिंगीसला जोडीला घेऊन तिने त्याच स्पर्धेत दुहेरीही जिंकली, तिसरा सेट ८-६ असा. या दुहेरीच्या विजयाची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. गोष्टीत ते बसत नाही ना!

कारण तोपर्यंत सगळ्यांना गोष्ट मिळालेली होती. रडली, झगडली, जिंकली. परमेश्वराच्या घरी न्याय आहे. नोवोत्नाविषयीचे निम्मे लेख असेच संपतात आणि मला ते पटत नाहीत. त्यात एक छुपी अट आहे. १९९८ मध्ये ती जिंकली म्हणून तिला १९९३ ची माफी मिळाली. समजा, तो टायब्रेकर तोझियाने घेतला असता, तिसरा सेटही तिनेच घेतला असता, तर? पाच वर्षांचे ते येणे, खेळणे, हरणे, परत येणे यातले कणभरही कमी झाले नसते. पण जगाने तिला जन्मभर कच खाणारी म्हटले असते. मांडलिकोवाला विम्बल्डन कधीच मिळाले नाही. मग तिचे काय?

हे मी कोणा परदेशी खेळाडूंच्या काळजीपोटी लिहीत नाही. दर उन्हाळ्यात दहावी-बारावीचे, प्रवेश परीक्षांचे निकाल लागतात आणि आपल्या घरांतून हीच भाषा सुरू होते. वर्षभर चांगला अभ्यास केलेल्या मुलाला गणिताच्या पेपरला पहिल्याच प्रश्नाने घाम फुटतो, पुढचे येत असलेलेही सुटत नाही. घरी आल्यावर वडील म्हणतात, 'ऐन वेळी कच खाल्लीस.' त्याला धीर द्यायचा म्हणून आई म्हणते, 'पुढच्या वर्षी दाखवून दे सगळ्यांना.' दोघांचेही बोलणे मुलाला एकच गोष्ट सांगते, की आता तू जिंकून येईपर्यंत आमच्या लेखी त्या पेपरातच बसलेला आहेस. वडिलांचे बोलणे मुले एक वेळ विसरतात. आईचे ते 'दाखवून दे' जास्त जड असते, असे मला अनेक घरांतून दिसले आहे. डचेसबाई तरी निदान तिला आधी रडू देत होत्या.

१९९९ च्या विम्बल्डनमध्येही नोवोत्ना उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली आणि त्या वर्षी तिने खेळ सोडला. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिसच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये तिचा समावेश झाला. यापुढची तिची हकीकत थोडक्यात संपली असती, पण २०१४ मध्ये ब्रनोतल्या तिच्या घराचे दार वाजले. दारात आईला बरोबर घेऊन आलेली १८ वर्षांची एक मुलगी होती, बार्बोरा क्रेजिकोवा, जवळच्याच इव्हान्चित्से गावची. कनिष्ठ गटातले खेळणे संपत आलेले, पुढे शिकावे की खेळावे हे कळेना, म्हणून पत्र लिहून आणलेले. आपल्याकडे एखादा मुलगा पेटी काखोटीला मारून बुवांच्या दाराशी जायचा, तसेच हे. नोवोत्नाने तिला नुसते खेळून पाहिले नाही, तर हाताशी धरले. पुढची अडीच-तीन वर्षे, आजार बळावेपर्यंत, ती या मुलीला शिकवत होती. जीवनाचा आनंद घे आणि एखादी मोठी स्पर्धा जिंकून बघ, असे ती शेवटी शेवटी सांगून गेली, हे क्रेजिकोवाने पुढे अनेकदा सांगितले आहे.

क्रेजिकोवाने २०२१ ची फ्रेंच स्पर्धा जिंकली. त्याच स्पर्धेत चौथ्या फेरीच्या सामन्याआधी ती फिजिओच्या खोलीत दार लावून रडत बसली होती. आज आपल्याला एकही गेम मिळणार नाही, असे तिच्या मनाने घेतले होते. हे तिने स्वतःच पत्रकारांना सांगितले, काही लपवून ठेवावे असे तिला वाटले नाही. त्या सामन्यात तिने स्लोन स्टीफन्सला ६-२, ६-० असे हरवले. बायका आता निदान हे बोलू शकतात, याचे मला बरे वाटले.

मग १३ जुलै २०२४. विम्बल्डनचा अंतिम सामना, समोर इटलीची यास्मिने पाओलिनी. पहिला सेट ६-२, दुसरा २-६, तिसऱ्यात क्रेजिकोवा ५-४ ने पुढे आणि सर्व्हिस तिची. तो गेम तिने जिंकला. नंतर तिला क्लबाच्या इमारतीत विजेत्यांच्या नावांचा फलक दाखवायला नेले. त्या फलकावर फक्त विजेत्यांची नावे असतात, हरलेल्यांची नसतात. १९९३ च्या ओळीत ग्राफ आहे. क्रेजिकोवाची नजर खाली सरकत १९९८ वर आली, आणि तिथे आपल्या बाईंचे नाव पाहून ती कॅमेऱ्यांसमोर रडू लागली.